बरणीचे मधले दिवस

क्रांती चौकात द्राक्षांच्या गाड्या लागल्या की मी रिक्षा थांबवते. घ्यायची असोत, नसोत, थांबवते. फाल्गुनातलं ऊन नुकतं चावायला लागलेलं असतं. परीक्षेला निघालेली पोरं हातात पॅड घेऊन, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत रस्ता ओलांडत असतात. गाडीवर हिरव्या घडांचा ढीग, त्यावर ताजं पाणी मारलेलं, आणि पलीकडं बसलेली गाडीवाली. "घ्या मावशी, लई गोड हायती. खाऊन तर बघा." मी एक मणी उचलते आणि तोंडात टाकायच्या आधी नाकाशी नेते. यंदा तिला हसू आवरलं नाही. "वास काय घेता? द्राक्षाला कुठं वास असतोय व्हय?"

तिचं काही चुकलं नाही. हल्लीच्या द्राक्षाला वास नसतो. बी नसते, साल असून नसल्यासारखी, चावलं की गोड पाणी. पण गेली दोन वर्षं दोष एकट्या द्राक्षाचा नव्हता. त्या साथीच्या तापात माझं नाक गेलं. म्हणजे चेहऱ्यावर आहे जागच्या जागी, चष्मा टेकायला उपयोगी पडतं. पण वास म्हणून काही आत जाईना. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं परत येतं. मी बहुतेकांमध्ये नव्हते. फोडणी जळाली तरी कळेना, दूध करपलं तरी कळेना. आमचे हे बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, "अगं, घर पेटलंय की स्वयंपाक चाललाय?"

आता यातली गंमत अशी की, मी आयुष्यभर नाकावर पोट भरलं. हॉटेलचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजात मी शिकवत होते आणि माझा विषय होता वाइन. ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार यावर माणसं दिवसाचा बेत ठरवतात, त्या शहरात मी पोरांना सांगत होते, कुठल्या वाइनला कुठला ग्लास. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "सूनबाई कॉलेजात शिकवते." काय शिकवते असं कुणी विचारलं, की त्या चटकन पोहे घ्या म्हणायच्या. माहेरी तर वडिलांनी एकदाच विचारलं होतं, "प्यावी लागते का गं?" मी म्हटलं, "नाही दादा, हुंगून, तोंडात घोळवून थुंकायची." त्यांना बरं वाटलं, पण नीटसं पटलं नाही. एवढी महाग वस्तू थुंकायची, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

म्हणूनच या हंगामात जालना रोडवरच्या नव्या स्टेक हाऊसची वाइनची यादी तपासायला परीक्षक म्हणून बोलावणं आलं, तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. शहरातल्या हॉटेलवाल्यांची आपसांतली स्पर्धा होती. मी सांगितलं, "बाबांनो, माझं नाक रजेवर आहे. दुसरं कुणी बघा." ते म्हणाले, "मॅडम, चव बाकीचे दोघं परीक्षक बघतील. तुम्ही यादी बघा. मांडणी, किमती, कुठल्या पदार्थाशी कुठली वाइन लावलीय, बाटल्या नीट ठेवल्यात की नाही. त्याला नाक कशाला?" हे म्हणाले, "जा. घरी बसून माझ्यावर परीक्षण चाललंय ते तरी थांबेल."

मी गेले. पण यादीसाठी गेले नाही. मला एक वास परत हवा होता. इतक्या ग्लासांमध्ये, इतक्या बाटल्यांमधून कुठल्यातरी एकीत तो भेटेल आणि नाकाला जाग येईल, अशी वेडी आशा होती. नोकरीत असताना शेकडो वाइन हुंगल्या. एखादीत त्या वासाचं नख दिसायचं, एखादीत पदर. नाक गेलं तेव्हा आधी वाटलं, निदान आठवण तर आहे. पण वासाची आठवण फार नाजूक असते. माणसाचा चेहरा पुसट झाला तर फोटो काढून बघता येतो. वासाचं तसं काही करता येत नाही. तो वास माझ्यातून दर महिन्याला थोडा थोडा निघून चालला होता आणि त्याच्याबरोबर एक अख्खा हंगाम चालला होता, झाकियासकट.

झाकिया माझी मैत्रीण. दौलताबादची.

वडील दौलताबाद स्टेशनात पार्सलबाबू होते. आमचं क्वार्टर रुळांच्या पलीकडं. द्राक्षांचा हंगाम आला की किल्ल्याच्या पायथ्याच्या बागांमधून बैलगाड्या यायच्या आणि फलाटावर करंड्यांची रांग लागायची. करंडीत खाली कडुलिंबाचा पाला, मध्ये घड, वर पुन्हा पाला आणि तोंडाला गोणपाट शिवलेलं. वडील संध्याकाळी घरी आले की त्यांच्या कोटाला द्राक्षांचा वास यायचा. आई म्हणायची, "सरकारी नोकरी करून माणसं पैसे आणतात, हे वास आणतात."

त्या बागांपैकी एक झाकियाच्या अब्बांची. पोलीस ॲक्शननंतर त्यांचे दोघे भाऊ घरदार आवरून निघून गेले. अब्बा राहिले. का राहिलात म्हणून कुणी विचारलं तर हाताने मांडवाकडं दाखवायचे. वेल उपटून ट्रंकेत भरता येत नाहीत, एवढंच त्यांचं उत्तर. बागेत दोन जाती होत्या. साहेबी, म्हणजे लांबट, फिकट, उन्हात धरली तर आतल्या बिया दिसायच्या. ती करंड्यांतून परगावी जायची. आणि हबशी, काळी, जाड सालीची, दाट वासाची. हबशीचे फुटलेले, गळलेले मणी विकायला जात नसत. ते खालाजानच्या बरणीत जात.

खालाजान म्हणजे झाकियाची अम्मी. उंच, सावळ्या, कमरेला चाव्यांचा जुडगा आणि जिभेला धार. त्यांच्या द्राक्षाच्या सिरक्याची कीर्ती औरंगाबादेपर्यंत होती. सिरका म्हणजे व्हिनेगर; पण बाजारात मिळतं त्या पांढऱ्या पाण्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. मणी चुरडायचे, माझ्या छातीएवढ्या चिनी मातीच्या बरणीत भरायचे, तोंडाला मलमलीचा दादरा बांधायचा आणि बरणी उन्हात ठेवायची. बाकी काम ऊन आणि वारा करतात. आधी रस गोड असतो. शेवटी आंबटढाण सिरका होतो. पण मध्ये काही दिवस असे येतात की, तो रसही नसतो आणि सिरकाही नसतो. त्या दिवसांत बरणीत जे असतं त्याला सगळं जग वाइन म्हणतं.

खालाजान त्याला काहीच म्हणत नसत. त्या नुसतं म्हणायच्या, "बीच के दिन हैं." त्यांच्या घरात दारू चालत नाही, सिरका चालतो. मग मधल्या दिवसांचं काय करायचं? त्यावर त्यांच्या सासूच्या सासूपासून एक रीत चालत आलेली होती. बरणी अंगणाच्या टोकाला लिंबाखाली न्यायची. घरातल्या कुणी तिला हात लावायचा नाही, वास घ्यायचा नाही, तिचं नाव काढायचं नाही. जणू लांबचा पाहुणा आलाय आणि तो निजलाय. पण मग सिरका झाला की नाही, हे कळणार कसं? त्यासाठी बाहेरचं नाक लागायचं. पूर्वी वाण्याची म्हातारी यायची. ती गेल्यावर ते काम माझ्याकडं आलं.

"शालू बेटी, जरा इधर आ. सूंघ के बोल, हुआ क्या?"

मी तेव्हा शाळेत होते. दादऱ्याची गाठ सोडायची, डोकं खाली न्यायचं, एकच श्वास घ्यायचा आणि खालाजानला सांगायचं. त्या दहा हात लांब, पदर नाकाशी धरून उभ्या. झाकिया त्यांच्या मागून माझ्याकडं बघत डोळे मिचकावणार. माझं परीक्षकपद तिथून सुरू झालं. पुढं सर्टिफिकेटं मिळाली, कोट घालून मोठ्या हॉटेलांत बसले, पण नेमणूक खालाजानचीच.

आणि तो वास! कसा सांगू? त्यात पिकलेली हबशी होती; पण कालची, आज घरातून निघालेली. तापलेली माती होती. गूळ वितळताना कढईच्या कडेला करपतो तसं काहीतरी. लिंबाचा मोहोर होता, कारण वर लिंब फुललेला असायचा. आणि सगळ्याच्या मागं एक बारीक टोचणी, अजून न आलेल्या आंबटाची. डोकं बरणीतून वर काढलं की क्षणभर किल्ला, मांडव, झाकियाची ओढणी, सगळं लख्ख दिसायचं. मी प्यायले वगैरे नव्हते हो. नुसता वास.

स्टेक हाऊस मात्र देखणं होतं, हे मान्य करायला हवं. मंद दिवे, जाड लाकडाची टेबलं, भिंतीला काच लावून केलेलं बाटल्यांचं कपाट. मालक तरुण मुलगा, घाबरलेला आणि ते लपवण्यासाठी फार हसणारा. स्टेक म्हणजे कायद्यात बसेल तेवढं, बाकी मटण, कोंबडी, मासा, आणि आपल्या लोकांसाठी पनीरचंही स्टेक. माझ्या शेजारचे परीक्षक नाशिकचे. त्यांनी पनीरच्या ओळीवर बोट ठेवून मान हलवली. मी म्हटलं, "हसू नका. आमच्याकडं दहाजण जेवायला आले तर चौघांची एकादशी असते आणि तिघांचा गुरुवार. धंदा कसा करायचा त्यानं?"

यादी मी नीट वाचली. चामड्याच्या जाड पुठ्ठ्यात बांधलेली, एखाद्या पोथीसारखी वजनदार. परदेशी नावं पुढं, देशी मागच्या पानावर, गावाकडचे पाहुणे मागच्या दारानं घ्यावेत तशी. मी तिथं गुण कापले. मटणाशी लावलेली तांबडी योग्य होती, तिथं दिले. माशाशी लावलेली जरा जास्त गोड होती. हे सगळं मला कळत होतं, कारण ते डोक्यात होतं. पण स्टुअर्ड ग्लास आणून ठेवायचा, बाकीचे दोघं नाक खुपसून "आहा" म्हणायचे, आणि मी सवयीनं ग्लास तिरपा धरून कडेचा रंग बघायचे, मग नाकाशी न्यायचे. काही नाही. दुसरा ग्लास. काही नाही. थंड काच नाकाला लागायची तेवढीच. तिकडं नाशिककर सांगत होते, यात जांभूळ आहे, मिरी आहे, ओलं लाकूड आहे. मला आपण बहिऱ्या माणसासारखे गाण्याच्या बैठकीला येऊन बसलोय असं वाटायला लागलं. तिथून उठून जावं, इतकं वाईट वाटलं.

तो हंगाम आमच्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा. झाकिया आणि मी रोज गाडीनं औरंगाबादला कॉलेजात जायचो. तिचं लग्न हैदराबादेत ठरलं होतं. मुलाचा फोटो तिनं मला इतिहासाच्या पुस्तकात घालून दाखवला होता. बरा होता, कान जरा मोठे. "कान मोठे असलेले बरे," ती म्हणाली, "ऐकून तरी घेईल." तिला लग्न नको होतं असं नाही. तिला परीक्षा हवी होती. त्यांच्या घरात कुठलीच मुलगी बी.ए.च्या पेपरापर्यंत पोहोचली नव्हती. ती गाडीत खिडकीशी बसून सनावळ्या पाठ करायची आणि मधेच थांबून विचारायची, "शाले, पेपर द्यायला मिळेल ना गं?"

कारण तारीख ठरायची होती, आणि तारीख त्या बरणीवर अडली होती. त्यांच्या घरची रीत होती की, मुलगी सासरी जाते ती आपल्या बागेच्या सिरक्यातलं लोणचं घेऊन. कांदा, गाजर, हिरवी मिरची, आलं, सगळं त्यात मुरवलेलं. सिरका झाला की लोणचं घालायचं, लोणचं मुरलं की निकाह. हैदराबादवाल्यांनाही हे मान्य होतं. पण त्यांना घाई होती. मुलाचे मामू दर आठ-पंधरा दिवसांनी येऊन बैठकीत बसायचे आणि चहा पिता पिता विचारायचे, "सिरका कहां तक आया?"

त्या वर्षी ऊन लवकर तापलं. हबशी लवकर पिकली. बरणी लवकर भरली. परीक्षेला अजून अवकाश होता आणि एका सकाळी खालाजाननी मला हाक मारली. मी दादरा सोडला, डोकं घातलं. मधले दिवस संपले होते. वास सरळ डोळ्यांत चढला. आंबट, स्वच्छ, कडक. मागं उभी असलेली झाकिया या वेळी डोळे मिचकावत नव्हती. खोटं बोलायची माझी तयारी होती, पण खालाजानसमोर जीभ वळली नाही.

मी म्हटलं, "झालंय, खालाजान."

खालाजान दहा हात लांबूनच, पदर नाकाशी धरून म्हणाल्या, "नक्को. अभी नहीं हुआ."

"झालंय हो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

"तेरी नाककू सर्दी हुई है," त्या शांतपणे म्हणाल्या. "गाठ बांध. इम्तिहान होने तक तेरी सर्दी जाती नहीं."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. झाकियाही. खालाजान वळल्या आणि चाव्या वाजवत स्वयंपाकघरात गेल्या. त्या बाईंनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि लेकीच्या पेपरांसाठी त्या घरच्या सिरक्याला थांबवून बसल्या. झाकियानं मला अशी मिठी मारली की माझी वेणी सुटली.

त्यानंतर मामू आले ते ऐन दुपारी. पडद्याआडून खालाजाननी सांगितलं, "क्या करें भाईसाब, इस साल धूप नरम है." बाहेर पत्रा तापून तडतडत होता. मामू रुमालानं मान पुसत होते. त्यांनी अब्बांकडं पाहिलं. अब्बा जन्मभर द्राक्षांत राहिलेले, अंगणातला वास त्यांना बैठकीत बसून कळत असणारच. त्यांनी कपाळावरचा घाम निपटला आणि म्हणाले, "हौ, धूप तो नरमच है." झाकिया आणि मी आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसत होतो. हसता हसता ती रडायला लागली. मग मीही.

ते जे उसने मिळालेले दिवस होते, तोच माझा हंगाम. तसं आम्ही काहीच केलं नाही. मांडवाखाली चटई टाकून अभ्यास. वरून घडांच्या सावल्या वहीवर हलायच्या. झाकिया साहेबीचा मणी सोलून मीठ लावून खायची आणि बिया मोजून उरलेल्या सनावळ्या सांगायची. मधूनच दोघी बरणीकडं बघायचो. ती लिंबाखाली उभी, तोंड बांधलेली, सगळं ठाऊक असून गप्प. आम्हीही तसंच काहीतरी होतो तेव्हा, आता वाटतं. तेव्हा काही वाटत नव्हतं. तेव्हा फक्त ऊन लागायचं आणि भूक लागायची.

शेवटचा पेपर देऊन आम्ही घरी आलो. खालाजान दारात उभ्या होत्या. त्यांनी झाकियाला विचारलं, "सब लिखी?" ती हो म्हणाली. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "अब सूंघ." मी हुंगलं आणि सांगितलं. आणि घरात कांदे सोलायला सुरुवात झाली.

ती बाग आता नाही. साहेबीला भाव मिळेना, बी असलेली द्राक्षं लोकांना नकोशी झाली. अब्बांनी शेवटपर्यंत वेल ठेवले. ते गेले, मग खालाजान गेल्या आणि झाकियाच्या भावांनी जमीन विकली. आता तिथं लग्नांचा लॉन आहे. झाकिया हैदराबादेत नातवंडांत आहे. बी.ए. झाली, पुढं मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला. आमचं फोनवर बोलणं होतं. पण ती इकडं येत नाही. मी दरवर्षी ये म्हणते आणि ती दरवर्षी म्हणते, "कुणाकडं येऊ शाले? माहेरी यायला काहीतरी मागं उरलेलं लागतं." मी रागावते. मी कोण आहे मग? पण रागावून फोन ठेवला की तिचं म्हणणं पटतं.

जालना रोडवरच्या त्या टेबलावर शेवटचा ग्लास आला तो एका तांबड्या वाइनचा. बाटली आधीच उघडलेली, ग्लासावारी विकायची. नाशिककरांनी नाक नेलं आणि झटकन मागं घेतलं. "ही गेली," ते म्हणाले. तिसऱ्या परीक्षकांनी ग्लास लांब सरकवला. तरुण मालकाचा चेहरा उतरला. तो स्टुअर्डकडं बघायला लागला, स्टुअर्ड बाटलीकडं. बरेच दिवस उघडी राहिली होती, उघड होतं. ग्लास उचलायला हात पुढं आला तेवढ्यात मी सवयीनं माझा ग्लास नाकाशी नेला.

आणि टोचलं.

अगदी बारीक. नाकात नव्हे, त्याच्याही वर, डोळ्यांच्या मागं. मी पुन्हा हुंगलं. पुन्हा टोचलं आणि त्याच्यामागून, फार लांबून, दुसऱ्या गावातल्या ढोलासारखं अंधुक असं काहीतरी आलं. करपलेल्या गुळाची कडा. तापलेली माती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नाशिककर घाईनं म्हणाले, "राहू द्या मॅडम, त्रास होईल." मी ग्लास सोडला नाही. वाइन बिघडली होती, म्हणजे मधले दिवस सोडून सिरक्याच्या वाटेला लागली होती. सगळ्या चांगल्या बाटल्या माझ्यासाठी मुक्या होत्या. बोलली ती ही.

गुण मी कापले. बाटल्यांची निगा माझ्याच रकान्यात होती आणि त्यात दयामाया नाही. सही करून कागद दिला आणि मालकाला म्हटलं, "ही बाटली मला हवी. घरी न्यायचीय."

तो बिचारा गडबडला. त्याला वाटलं, मी पुरावा नेतेय. "मॅडम, दुसरी देतो ना, चांगली. नवी उघडून देतो."

"चांगली नको. हीच."

घरी आल्यावर ह्यांनी बाटलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "लोक हॉटेलातून चांगली दारू आणतात," ते म्हणाले, "तू बिघडलेली आणलीस." मी माळ्यावरची आईची लोणच्याची बरणी काढली, धुऊन उन्हात वाळवली. क्रांती चौकातून काळी द्राक्षं आणली, बी असलेली, गाडीवालीकडं मागून मागून. "बीवाली? ती कोण खातंय आता?" म्हणत तिनं तळातून काढून दिली. मी ती चुरडून बरणीत घातली, वरून ती बाटली ओतली, आणि जुन्या मलमलीच्या ओढणीचा दादरा बांधला. बरणी गॅलरीत ठेवली. लिंब नाही, पण खालच्या रस्त्यावरच्या करंजाची सावली थोडी येते.

मग झाकियाला फोन केला. म्हटलं, "गॅलरीत बरणी ठेवलीय. बीच के दिन हैं."

तिनं विचारलं, "वास येतोय तुला?"

"येतोय. सगळा नाही, थोडा थोडा येतोय."

ती आणखी काही विचारेल असं वाटलं. पण तिनं लेकाला हाक मारली आणि माझ्या कानात सांगावं तसं हळू म्हणाली, "गाडीचं बघायला सांगते. औरंगाबादचं." तिच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे आणि मी ते दुरुस्त करत नाही. "पण मला लगेच निघता येणार नाही गं. नातीची परीक्षा आहे. संपेपर्यंत तिच्या आईला माझी मदत लागते. तोवर सिरका होऊन जाईल ना?"

"बघू," मी म्हटलं.

उन्हं यंदा लवकर तापली आहेत. करंजाची पानंसुद्धा दुपारी माना टाकतात. मी रोज सकाळी दादरा सोडते, डोकं खाली नेते, एक श्वास घेते. रोज थोडं जास्त येतं. गुळाची कडा आली, माती आली, परवा तर लिंबाचा मोहोरही आल्यासारखा वाटला. तो बरणीत नाही हे मला माहीत आहे. आणि आज सकाळी वास सरळ डोळ्यांत चढला, कडक, स्वच्छ, ओळखीचा. कसलीही शंका उरली नाही. मी गॅलरीत तशीच उभी राहिले, पदरानं डोळे पुसत.

दुपारी झाकियाचा फोन आला. नातीचा शेवटचा पेपर अजून व्हायचा होता.

"शाले, झाला का गं सिरका?"

मी बरणीकडं पाहिलं. दादऱ्याची गाठ पुन्हा घट्ट केली.

"नाही गं," मी म्हटलं. "इस साल धूप नरम है. तू सावकाश ये."